'ग्रॅज्युएट स्कीम'च्या भरवशावर घर तारण ठेवून एमएस्सीला पाठवावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी सांगलीत मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयात आलेल्या एका कंपनीने पुण्यातल्या कामासाठी तिची निवड केली आहे. त्याच सुमारास उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने सप्टेंबर 2026 पासूनच्या एक वर्षाच्या एमएस्सीसाठी तिला प्रवेश देऊ केला आहे. शुल्क, राहणे, व्हिसा आणि विमान असे सगळे धरले तर हिशेब 45 लाखांच्या पुढे जातो आणि त्यासाठी आम्हाला विश्रामबागेतले राहते घर तारण ठेवावे लागेल.

कोल्हापूरच्या सल्लागारांचे म्हणणे असे की, तिकडच्या मोठ्या कंपन्या दरवर्षी 'ग्रॅज्युएट स्कीम'मधून ताजे पदवीधर घेतात, दोन वर्षे वेगवेगळ्या विभागांत फिरवून शिकवतात आणि मग कायम करतात. तेव्हा एमएस्सी झाली की तिथे अर्ज करायचा, व्हिसाचे नंतर बघता येते. मी 21 वर्षे शाळेत गणित शिकवले आहे आणि 'नंतर बघता येते' ही पायरी मी एकाही विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेत लिहू दिलेली नाही. म्हणून इथे विचारते. या वाटेने गेलेले, अर्ध्यावरून परतलेले किंवा दुसऱ्या देशात अशाच वाटेने लागलेले कोणी असतील, तर ही स्कीम म्हणजे नेमके काय, ती कितपत मिळते आणि तिच्यावर घर लावण्याइतका विश्वास ठेवावा का, हे कृपया सविस्तर सांगावे.

गवतीचहा

माझा भाचाही याच उंबरठ्यावर उभा आहे. पहिल्या बाकावर जागा धरून ठेवतो.

लीड्सवासी

ताई, मी सप्टेंबर 2021 मध्ये इथे आलो आणि एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीच्या ग्रॅज्युएट स्कीममधून लागलो. तुमच्या सल्लागारांच्या सांगण्यातली सर्वांत मोठी चूक 'एमएस्सी झाली की' या तीन शब्दांत आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

इथल्या मोठ्या कंपन्यांची भरती वर्षभर आधी चालते. पुढच्या सप्टेंबरला रुजू व्हायच्या जागांचे अर्ज यंदाच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात, बरेचसे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बंद होतात, आणि कित्येक कंपन्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता जसे अर्ज येतील तसे निकालात काढत जातात. इंग्रजीत या भरतीला 'मिल्क राउंड' असे जुने नाव आहे, कारण पूर्वी कंपन्यांची माणसे दूधवाल्यासारखी एकेका विद्यापीठाच्या दारी जात असत. आता दूध ऑनलाइन येते, पण रतीब पहाटेचाच आहे. एक वर्षाच्या एमएस्सीला आलेला मुलगा विमानातून उतरतो तेव्हा ही भरती सुरू होऊन महिना झालेला असतो. मी पोस्ट ऑफिसच्या रांगेत व्हिसाचे कार्ड घ्यायला उभा होतो आणि त्याच रांगेत फोनवर एका कंपनीची अंकगणिताची चाचणी सोडवत होतो. ती नापास झालो, हे वेगळे सांगायला नको.

माझी वही अजून जपून ठेवली आहे. एकूण 63 अर्ज केले. त्यांतले 41 तर 'तुम्हाला पुढे स्पॉन्सरशिप (कामाच्या व्हिसासाठी कंपनीचे प्रायोजकत्व) लागेल का' या प्रश्नाला 'हो' म्हटल्यावर किंवा पहिल्या चाळणीतच गेले. 14 ठिकाणच्या ऑनलाइन चाचण्या पार पडल्या, 6 ठिकाणी व्हिडिओ मुलाखत झाली, 3 असेसमेंट सेंटरना, म्हणजे सामूहिक निवडचाचण्यांना, बोलावले आणि एका ठिकाणी निवड झाली. वर्गातल्या 22 भारतीय मुलांपैकी अशा स्कीममध्ये लागलेले आम्ही दोघे होतो. बाकीच्यांना नोकऱ्या मिळाल्याच नाहीत असे नव्हे, पण त्या लहान कंपन्यांत, थेट एखाद्या पदावर आणि बऱ्याच उशिरा मिळाल्या.

निवृत्त_लेखापाल

लीड्सवासी यांनी वही ठेवली हे वाचून संतोष झाला. आता जमेची बाजू मी मांडतो, कारण या चर्चेत पगाराचा आकडा नेहमी पौंडांत सांगतात आणि कर्जाचा रुपयांत.

समजा, मुलीला वर्षाला 35,000 पौंडांवर घेतले. त्यातले पहिले 12,570 पौंड करमुक्त, उरलेल्यावर 20 टक्के आयकर, शिवाय 8 टक्के राष्ट्रीय विमा आणि निवृत्तिवेतनाची कपात. हे सगळे वजा जाता हातात महिन्याला सुमारे 2,300 पौंड पडतात. लीड्स किंवा शेफील्डमध्ये एक खोली, प्रवास, खाणे, वीज यांना 1,200 ते 1,300 लागतील असे धरू. राहिले 1,000. यातून 45 लाखांचा दहा वर्षांचा हप्ता, 10 टक्के दराने, महिन्याला साधारण 59,500 रुपये होतो, म्हणजे आजच्या भावाने 500 पौंड. तेव्हा नोकरी लागली, तर कर्ज फिटते. त्यात काही चमत्कार नाही. पण नोकरी लागली नाही आणि मुलगी परत येऊन पुण्यात 45,000 रुपयांवर लागली, तर हप्ता पगारापेक्षा मोठा असेल. घर तारण ठेवताना हा दुसरा हिशेब धरायचा असतो. पहिला सल्लागार करून देतातच.

अर्धविराम

कृष्णाकाठताईंनी 'स्कीम म्हणजे नेमके काय' असेही विचारले आहे आणि त्याकडे अजून कोणी वळले नाही. मी मँचेस्टरला एका लेखापरीक्षण संस्थेत तीन वर्षांच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवर होते, त्यामुळे थोडे त्या बाजूने लिहिते.

साधारणपणे याच्या दोन जाती आहेत. अभियांत्रिकी, बँका, किरकोळ विक्रीच्या साखळ्या वगैरे ठिकाणी दोन वर्षांत सहा-सहा महिन्यांचे तीन-चार विभाग फिरवतात. लेखापरीक्षणात मात्र फिरण्यापेक्षा परीक्षा महत्त्वाची. आमच्या वेळी एसीएच्या, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाच्या पात्रतेच्या, 15 विषयांच्या परीक्षा आणि 450 दिवसांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव तीन वर्षांत पुरा करायचा असे. अभ्यासाची रजा मिळते, शुल्क कंपनी भरते, पण ठरावीक संधींत पेपर सुटला नाही तर नोकरी जाते, आणि मध्येच सोडून गेलात तर शिकवणीचा खर्च परत मागण्याचे कलम करारात असते. नोकरी गेली की स्पॉन्सरशिपही जाते, म्हणजे इंग्रज सहकाऱ्याच्या दृष्टीने जो एक नापास पेपर असतो, तो आपल्या दृष्टीने परतीचे तिकीट असू शकतो. मी दुसऱ्या वर्षाच्या कराच्या पेपरला बसले तेव्हा माझी बॅग अर्धी भरलेली होती. हे मी अलंकारिक लिहीत नाही. खोलीचा करार संपत आला होता आणि कुठे जायचे ते निकालावर होते.

असेसमेंट सेंटरविषयीही सांगते, कारण आपली मुले तिथे अडतात असे मी पुढे निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसल्यावर पाहिले. सहा उमेदवार एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाला थोडी वेगळी माहिती दिलेली असते, 40 मिनिटांत सगळ्यांनी मिळून एक निर्णय घ्यायचा असतो, आणि भिंतीशी दोन-तीन जण पाटीवर कागद लावून गप्प लिहीत असतात. आपल्याकडच्या गटचर्चेत जो मोठ्याने आणि आधी बोलतो तो निवडला जातो, अशी समजूत घेऊन मुले येतात. इथे मात्र कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला 'तुझ्या कागदावर वाहतूक खर्चाचे काही आहे का?' असे विचारणाऱ्याला गुण मिळतात. मी स्वतः त्या दिवशी फळ्यावर मुद्दे लिहून घेण्यापलीकडे फारसे काही केले नव्हते. माझ्या हाताखालचा मार्कर सुकलेला होता, तो बदलून मागितला, एवढेच काय ते धाडस.

गवतीचहा

थोडक्यात, मंगल कार्यालयात वाढप्याचे काम मनापासून केलेल्या माणसाला असेसमेंट सेंटर अवघड जाऊ नये.

अर्धविराम

@गवतीचहा, तुम्ही हे थट्टेने लिहिले असेल, पण माझ्या अर्जात एकत्रित कामाचे उदाहरण म्हणून गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चाचेच वर्णन होते आणि मुलाखतीत त्यावर दहा मिनिटे प्रश्न विचारले गेले.

थेम्सपार

मी लंडनजवळच्या एका विद्यापीठाच्या करिअर विभागात काम करते. ताईंनी जी पायरी गाळू दिली नाही, ती व्हिसाची पायरी मी लिहून काढते. नियम सतत बदलत असतात, त्यामुळे शिक्कामोर्तब सरकारी संकेतस्थळ पाहूनच करावे.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते. एक वर्षाच्या एमएस्सीत उन्हाळ्याचे प्रबंधाचे महिनेही सत्रातच धरले जातात, हे बहुतेकांना इथे आल्यावर कळते. त्यामुळे पूर्णवेळ उन्हाळी इंटर्नशिप करता येत नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीममधल्या कितीतरी जागा आदल्या उन्हाळ्याच्या इंटर्नमधूनच भरलेल्या असतात. पदवीला तीन वर्षे असलेला इथला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती इंटर्नशिप करतो. आपल्या एमएस्सीच्या मुलीला ते दार मुळात नाहीच.

शिक्षण संपल्यावर 'ग्रॅज्युएट रूट' नावाचा व्हिसा स्वतःच्या जोरावर मिळतो. तो 1 जुलै 2021 ला सुरू झाला तेव्हापासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांचा मिळत आला आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना तो 18 महिन्यांचाच मिळेल. पीएचडीवाल्यांची तीन वर्षे कायम आहेत. सप्टेंबर 2026 मध्ये येणाऱ्या ताईंच्या मुलीला 18 महिनेच धरून चालावे लागेल. त्यानंतर 'स्किल्ड वर्कर' व्हिसा, आणि तो परवानाधारक कंपनीने स्पॉन्सर केला तरच. त्याची सर्वसाधारण वार्षिक किमान पगारमर्यादा एप्रिल 2024 मध्ये 26,200 वरून 38,700 पौंडांवर गेली आणि 22 जुलै 2025 पासून ती 41,700 आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना सवलत आहे; त्यांना 33,400 पौंड किंवा त्या व्यवसायाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के, यांतले जे जास्त असेल ते चालते. लंडनबाहेरच्या बऱ्याच स्कीमचा सुरुवातीचा पगार या रेषेच्या अल्याड-पल्याडच घुटमळतो. शिवाय स्पॉन्सर करणाऱ्या मोठ्या कंपनीला डिसेंबर 2025 पासून दरवर्षी माणशी 1,320 पौंडांचा कौशल्य आकार सरकारला भरावा लागतो आणि तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. कंपन्या 'नको' का म्हणतात, याचे उत्तर बहुधा भेदभावात कमी आणि या बेरजेत जास्त सापडते.

कृष्णाकाठ

थेम्सपार, आपले मनापासून आभार. मी हे कागदावर मांडून पाहिले. चुकले असल्यास दुरुस्त करावे.

मुलगी सप्टेंबर 2026 ला पोहोचली की लगेच अर्ज करायचे. ती पहिली फेरी. त्यात निवड झाली तर सप्टेंबर 2027 ला रुजू होता येईल. नाही झाली, तर दुसरी फेरी 2027 च्या शरदात आणि रुजू होणे सप्टेंबर 2028 मध्ये. ग्रॅज्युएट रूट 2027 च्या अखेरीस मिळाला असे धरले, तर तो 2029 च्या मे-जूनपर्यंत पुरेल. म्हणजे दोन वर्षांच्या स्कीममधले जेमतेम आठ-नऊ महिने त्या व्हिसात बसतील आणि उरलेल्या काळासाठी कंपनीने पहिल्या दिवसापासून स्पॉन्सरशिपची तयारी ठेवलेली असली पाहिजे. याचा अर्थ 'व्हिसाचे नंतर' असा काही काळच या उदाहरणात नाही. बरोबर आहे का?

थेम्सपार

बरोबर. मी दरवर्षी दोन तासांच्या सत्रात हे समजावते. आपण ते दहा ओळींत बसवलेत. एकच भर घालते. नवागताची पगारसवलत एकूण चार वर्षांपुरतीच असते आणि त्या चार वर्षांत ग्रॅज्युएट रूटचा काळही मोजला जातो. म्हणजे 18 महिने तिथे घालवले, तर सवलतीची अडीच वर्षे उरतात आणि त्यानंतर पूर्ण मर्यादेचा पगार लागतो.

परतीचा_पाऊस

मी अर्ध्यावरून परतलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहायला हवे.

मला नोव्हेंबर 2023 मध्ये एका बड्या वित्तीय संस्थेच्या स्कीमचे नियुक्तिपत्र मिळाले होते. पगार 31,500 पौंड, रुजू होण्याची तारीख सप्टेंबर 2024. घरी पेढे वाटून झाले. एप्रिल 2024 मध्ये मर्यादा वाढली आणि मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी मला 12 मिनिटांचा फोन आला. बोलणारी बाई अतिशय सौम्य होती. नवागताची मर्यादाही आता माझ्या पगाराच्या वर... खरे तर माझा पगार तिच्या थोडासा वरच होता, कारण ती मर्यादा तेव्हा 30,960 होती. पण माझ्या पदासाठी ठरलेल्या दराचे 70 टक्के त्याहून जास्त भरत होते. संस्थेने पगार वाढवण्याऐवजी पत्र मागे घेतले. माझ्यासारखे आणखीही होते. आमच्यातल्या काहींनी ग्रॅज्युएट रूटवर रुजू करून घेण्याची विनंती केली, पण तीन वर्षांच्या कराराला दोन वर्षांचा व्हिसा पुरत नाही, असे उत्तर आले.

मी आता ठाण्यात राहतो आणि मुंबईत त्याच प्रकारचे काम करतो. कर्जाची अजून सहा वर्षे आहेत. जाऊ नये असे मी म्हणणार नाही. ते वर्ष मला आवडले आणि अभ्यासक्रमही चांगला होता. मात्र नियुक्तिपत्र हातात आले म्हणजे पोहोचलो, असे कोणी समजू नये.

निवृत्त_लेखापाल

परतीचा पाऊस, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल आदर वाटतो. कर्ज शैक्षणिक असेल आणि आपण जुन्या करप्रणालीत असाल, तर व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते. घेत नसाल, तर अवश्य पाहा.

पेठेतला

इतका वेळ गप्प बसलो, हेच पुष्कळ झाले. चाळीस-पंचेचाळीस लाख देऊन परदेशात 'शिकाऊ' व्हायचे हे गणित मला पहिल्यापासून समजलेले नाही. आमच्या पिढीने पुण्यात नोकरी धरली, दोन-तीन वर्षे काम दाखवले आणि कंपनीने स्वखर्चाने बाहेर पाठवले. तिकीट कंपनीचे, विमा कंपनीचा, परत आलो तर खुर्ची जागेवर. पुण्याच्या परिसरात ब्रिटिश, जर्मन, स्वीडिश, जपानी कंपन्यांची केंद्रे रांगेने उभी आहेत. ताईंच्या मुलीच्या हातात पुण्याची नोकरी असताना तिला लांबच्या वाटेने त्याच गावाला कशाला पाठवायचे?

लीड्सवासी

पेठेतले काका, आपल्या पिढीला ही वाट सोपी गेली, हे खरे. पण तिच्यावर सगळेच पोहोचत नाहीत. कंपनी ज्याला पाठवेल त्याला पाठवते, आणि बाहेर पाठवलेला माणूस पाठवणाऱ्या कंपनीला बांधलेला राहतो. स्कीममधल्या मुलाला दोन वर्षांत चार साहेब भेटतात, कारखान्यापासून मुख्यालयापर्यंत सगळे बघायला मिळते आणि चूक करण्याची मुभा असते. स्कीममधल्या माझ्या दुसऱ्या विभागात मी हंबर नदीच्या मुखाशी पूरसंरक्षक भिंतीच्या कामावर होतो. हातात मोजपट्टी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि शेजारी 40 वर्षे तेच काम केलेला मुकादम. त्याने मला भरतीची वेळ तक्त्यात न पाहता चिखलावरून ओळखायला शिकवले. असे शिक्षण थेट पदावर लागलेल्याला कोणी देत नाही.

पेठेतला

चिखलावरून भरती ओळखायला आमचे रत्नागिरीचे मामेभाऊ फुकट शिकवतात.

असो. मुद्दा मान्य. पण बांधून राहण्याचे म्हणाल, तर स्पॉन्सर केलेला मुलगाही त्या कंपनीला बांधलेलाच असतो ना?

थेम्सपार

दोघांचेही खरे आहे. मात्र पेठेतल्या काकांच्या वाटेला एक औपचारिक नाव आहे, ते ताईंना उपयोगी पडेल. 'ग्लोबल बिझनेस मोबिलिटी' या गटात 'ग्रॅज्युएट ट्रेनी' असा स्वतंत्र व्हिसा आहे. भारतातल्या शाखेत, व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ पदाकडे नेणाऱ्या प्रशिक्षण कार्यक्रमात असलेल्या आणि तिथे सलग किमान तीन महिने काम केलेल्या पदवीधराला कंपनी त्या कार्यक्रमाचा भाग म्हणून ब्रिटनमध्ये आणू शकते. मुक्काम जास्तीत जास्त 12 महिने आणि तो काळ कायम वास्तव्यासाठी मोजला जात नाही. पण एक पैसा कर्ज न काढता, तीच स्कीम दुसऱ्या टोकाकडून सुरू करता येते. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांनी 'तुमच्या ग्रॅज्युएट कार्यक्रमात परदेशातली फेरी असते का' हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

नेकारकाठ

कृष्णाकाठावरून प्रश्न आला आहे, तर नेकारकाठावरूनही उत्तर जावे. मी श्टुटगार्टजवळ असतो.

जर्मनीत याला 'ट्रेनी प्रोग्राम' म्हणतात आणि तो साधारण 12 ते 24 महिन्यांचा असतो. दोन गोष्टींत फरक आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. माझ्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतात. राहण्याच्या खर्चापोटी मात्र वर्षाचे 11,904 युरो 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. दुसरे म्हणजे एमएस दोन वर्षांचे असते, त्यामुळे 'वेर्कश्टुडेंट' म्हणून आठवड्याला 20 तास कंपनीतच काम करता येते, आणि पुढे बरेचदा तीच कंपनी ठेवून घेते. शिक्षणानंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मी बॅटरीच्या चाचणी विभागात असाच शिरलो.

पण भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो म्हणून मुले येतात आणि कारखान्यातली बैठक जर्मनमध्ये असते. जर्मनची बी2, म्हणजे कामकाज नीट करता येण्याइतकी, पातळी नसेल तर ट्रेनी कार्यक्रमाचे नाव काढू नये. वाहन उद्योगाचे दिवसही सध्या फार बरे नाहीत, हे मेकॅनिकलच्या मुलीने ध्यानात घ्यावे.

आंबेमोहर

ओसाकाहून लिहिते. धाग्यात जपान नसले तर चर्चा अपुरी राहील, कारण ताज्या पदवीधरांची सामुदायिक भरती हा तिथला कणाच आहे. देशभरातल्या कंपन्या नवी मुले एकाच दिवशी, 1 एप्रिलला रुजू करून घेतात आणि आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला नियुक्तीचा समारंभ करतात. विशेष म्हणजे त्यांना अनुभव नकोच असतो. कोरी पाटी हवी असते. पहिले दोन महिने आम्हाला भेटपत्र दोन्ही हातांनी कसे द्यावे आणि लिफ्टमध्ये कोणी कुठे उभे राहावे, हे शिकवले. मी वाकण्याच्या अंशांचा कोन वहीत काढून ठेवला होता. कृष्णाकाठताईंना तो आवडला असता.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकले, पुण्यातूनच एन2 ही जपानीची वरच्या पातळीची परीक्षा दिली आणि भारतात मुलाखती घ्यायला आलेल्या कंपनीत लागले. एमएस्सी नाही, कर्ज नाही. वेळ मात्र चार वर्षे गेला, आणि पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी डोके दुखत असे.

गवतीचहा

आतापर्यंत कृष्णा, थेम्स, हंबर, नेकार झाल्या. गोदावरीवाले कोणी नाहीत का?

थेम्सपार

ताई, एक गोष्ट मागे राहिली. भारत आणि ब्रिटन यांच्यात 2023 पासून 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' आहे. 18 ते 30 वर्षांच्या पदवीधर भारतीयांना सोडतीने वर्षाला 3,000 जागा. निवड झाली तर स्पॉन्सरशिवाय 24 महिने राहून काम करता येते. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. खात्यात 2,530 पौंड दाखवावे लागतात. मुदत वाढत नाही, पण मुलगी 26 वर्षांच्या आत असेल, तर पुढे स्किल्ड वर्करसाठी नवागताची सवलत तिला वयावरच मिळते. त्यासाठी ब्रिटिश पदवीची अट नाही. पदवीचा निकाल हातात आला की तिने नाव जरूर घालावे. ही शेवटी सोडत आहे, तिच्यावर बेत बांधू नये.

कृष्णाकाठ

मंडळी, चार दिवस लिहिता आले नाही, क्षमस्व. सगळे प्रतिसाद छापून काढले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. पुढचे मुलीनेच लिहावे असे तिला सांगितले आहे. खाते माझे, शब्द तिचे.

नमस्कार. मी आईची मुलगी. आई आणि बाबा घर तारण ठेवायला तयार होते, हे मला या धाग्यामुळे नीट कळले. घरात तो विषय माझ्यासमोर इतक्या स्पष्टपणे निघाला नव्हता. सल्लागारांना मी थेम्सपारताईंचा 18 महिन्यांचा नियम दाखवला, तेव्हा ते म्हणाले की, बहुतेक मुलांना याची गरज पडत नाही. का पडत नाही, हे त्यांना सांगता आले नाही.

मला बाहेर जायचे आहे, हे आजही तितकेच खरे आहे. लीड्सवासी दादांचे चिखलाचे वर्णन मी तीन वेळा वाचले. पण पहिल्या फेरीचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होणार असतील, तर त्या वेळी मी बॅग भरत असेन आणि माझ्या अर्जात लिहिण्यासारखे एका महिन्याच्या कारखानाभेटीपलीकडे काही नसेल. म्हणून पुण्याची नोकरी धरायची आणि विद्यापीठाकडे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करायची, असे ठरवले आहे. पुण्याच्या कंपनीची मूळ कंपनी ब्रिटिशच आहे. त्यांच्या मनुष्यबळ विभागाला मी परदेशातल्या फेरीविषयी विचारले. त्यांनी 'पहिली तिघे निवडली जातात' असे उत्तर दिले. किती जणांतून, हे मी विचारले नाही, आणि आई त्यावरून कालपासून बोलते आहे.

अर्धविरामताई, व्हिडिओ मुलाखतीचा सराव कसा करावा? मी काल फोन पुस्तकांवर टेकवून एक उत्तर बोलून पाहिले. दोन मिनिटांचे उत्तर 40 सेकंदांत संपले.

अर्धविराम

उत्तम लक्षण आहे. बहुतेकांचे दोन मिनिटांचे उत्तर चार मिनिटांतही संपत नाही. एकाच प्रसंगाचे उत्तर रोज एकदा बोल आणि दर वेळी फक्त एकच गोष्ट वाढव: तू स्वतः काय केलेस. आपली मुले 'आम्ही केले', 'आम्ही ठरवले' असे बोलतात आणि ऐकणाऱ्याला त्यातली तू सापडत नाही. माझी व्हिडिओ मुलाखत मी घरातल्या धुण्याच्या खोलीत दिली होती, कारण वायफाय तिथेच नीट येत असे. तिसऱ्या प्रश्नाला कोणीतरी येऊन यंत्र सुरू केले. मी थांबून 'क्षमा करा, एक मिनिट' म्हटले, यंत्र बंद केले आणि पुढे बोलले. निवड झाल्यावर कळले की, तेवढेच त्यांच्या लक्षात राहिले होते.

पेठेतला

पुण्यात राहायची सोय झाली का? कर्वेनगरकडे चांगली घरगुती खाणावळ असलेली मुलींची वसतिगृहे आहेत. काही लागले तर लिहा.

निवृत्त_लेखापाल

चिरंजीव कन्येस आशीर्वाद. एक व्यवहाराची गोष्ट. विद्यापीठाला अनामत भरली असेल, तर ती पुढच्या वर्षासाठी धरली जाईल की नाही, आणि शुल्क यंदाचेच राहील की वाढेल, हे लेखी मागून घ्या. फोनवर मिळालेले उत्तर फायलीला लावता येत नाही.

कृष्णाकाठ

लेखीच मागितले आहे, काका. उत्तर आले की इथे लिहीन.